संत्र्याचा डबा

“तुझ्या मावशीला वास येत नाही गं,” मावशीच्या शेजारच्या काकूंनी मला जिन्यात गाठून सांगितलं होतं. “परवा दूध करपून पातेलं काळंठिक्कर झालं, वास पार जिन्यापर्यंत, आणि ही आपली बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेली!”

काकूंना दुसऱ्यांच्या पातेल्यात डोकावायची सवयच आहे, असं म्हणून मी हसले. खरं तर माझी बाळंतपणाची रजा संपली होती, माझी लेक पिल्लू दिवसभर मावशीकडे राहायला लागली होती, आणि मावशीचं काही बिघडलेलं मला चालणार नव्हतं. एरवी मी द्राक्षाचे चार तुकडे करूनही पुन्हा बोटाने चाचपणारी. नवरा मला ‘सीसीटीव्ही’ म्हणतो. या कॅमेऱ्याला तेवढंच नेमकं दिसलं नाही.

मावशी खोकी आणि डबे छापणाऱ्या कारखान्यात रंग तपासायची. लाल जरा तपकिरीकडे झुकला, की अख्खा गठ्ठा परत. नोकरी संपताना तिने चहाचे नमुन्याचे डबे घरी आणले आणि प्रत्येकात ज्याचा त्याचा चहा भरून ठेवला. मोरपंखी पत्र्यावर सोनेरी वेली, गुलाबाच्या डब्याला उठावाच्या पाकळ्या, संत्र्याच्या डब्यावर सोललेल्या सालीची गोल गोल उतरत जाणारी पट्टी. मी संध्याकाळी पिल्लूला घ्यायला गेले, की मावशी विचारायची, “बोला, आज कुणाची पाळी?” झाकण ‘टप्’ करून निघायचं. पिल्लू टाळ्या वाजवायची. दिवसभरात तेवढा एक कप माझा असायचा.

एकदा डब्यांमागे झुरळ दिसलं. मी सगळे डबे रिकामे करून घासले, पुसले, पुन्हा भरले. त्यात संत्र्याचा आणि धुरावर सुकवलेला अशा दोन काळ्या चहांची अदलाबदल झाली, हे मला दुसऱ्या दिवशी मावशीने संत्र्याचा डबा उघडला तेव्हा कळलं. आतून ओल्या लाकडाच्या धुराचा भपका आला. मी सांगणार, तेवढ्यात मावशीने डब्यात नाक घातलं, डोळे मिटले आणि म्हणाली, “आहाहा! आत्ताच कुणीतरी संत्रं सोललंय जसं!”



तिने दोन कप ओतले. कपाला तोंड न लावता मी उठले. पिल्लूला उचलून बाहेर गॅलरीत काकूंकडे दिलं, “जरा धरता?” म्हणून. मग स्वयंपाकघरात जाऊन खिडकी उघडली, न पेटवता शेगडीचं बटण किंचित फिरवलं आणि परत येऊन मावशीसमोर बसले. थोड्याच वेळात तो कुजका वास बाहेरच्या खोलीत आला. मावशी नव्या पाकिटावरच्या निळ्या रंगाला नावं ठेवत होती. “निळा आहे का हा? धुऊन धुऊन विटलेला शर्ट नुसता!”

मी धावत जाऊन बटण बंद केलं. परत आले तर ती माझ्याकडे बघत होती.

“गॅस सोडला होतास ना?”

“कधीपासून, मावशी?”

“तो मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून. आता डब्यावर लिहिलेलं वाचते आणि आठवते.”

“मग सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं, तर पिल्लूला इथे ठेवलं असतंस?”

मी ते निळं पाकीट उगाच सरळ करून ठेवलं.

“बघ,” ती म्हणाली. “आणि तू तरी कुठे विचारलंस? परीक्षाच घेतलीस थेट.”

मी पिल्लूची पिशवी भरली. गॅलरीत काकू म्हणाल्याच, “मी म्हटलं नव्हतं?” माझा कप तिथेच राहिला, भरलेला.

पिल्लू आता पाळणाघरात जाते. मध्यंतरी मावशीने कुणाच्या तरी हाती एक खोकं पाठवलं. आत सगळे डबे, रिकामे, घासून लख्ख केलेले, वर रिबीन. फोनवर म्हणाली, “खेळू दे तिला. मला काय, गरम पाणी प्यायचं ते कशातूनही पिता येतं. फक्त संत्र्याच्या डब्याच्या झाकणाची कड धारदार आहे, बोट जप तिचं.”

मी तिच्यासाठी गॅस गळला की वाजणारं यंत्र आणलंय. ते अजून खोक्यासकट आमच्या कपाटात आहे. पुढच्या रविवारी नेऊ, असं दर रविवारी ठरतं. पिल्लू ‘टप्’ आवाज काढते आणि दाराकडे बघते. काकूंना फोन करावा तर त्या मुलाकडे राहायला गेल्यात. त्या मजल्यावर आता मावशी एकटीच आहे.

तुमच्याही ओळखीत असं कुणी एकटं राहत असेल, नुसतं नाव वाचून वास छान आहे म्हणणारं. आज जाऊन या. शेगडी बघा, दूध करपतंय का बघा. पण बघून झालं, की लगेच उठू नका. समोर ठेवलेला कप संपवा.