उन्हातली दोरी

सत्यशीलाला नवऱ्याच्या दातांचं एके काळी मोठं कौतुक होतं. मूल गावच्या राइस मिलवर धानाची गाडी लागली की हरिदास मूठभर दाणे उचलायचा, एक दाणा दाताखाली धरायचा आणि जागच्या जागी निकाल द्यायचा. दाणा कट् करून तुटला तर धान आत. चेपला तर गाडी परत. "ओलं धान कोठीत गेलं का बुरशी धरते. मंग त्याच्यासंगं सुकं धानही सडते," असं तो गाडीवाल्यांना सुनवायचा. त्यात खोटं काहीच नव्हतं.

आणि याच माणसाच्या घरी, मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, धानाच्या पेंढ्याच्या, तनसीच्या ढिगामागे, एका फाटक्या बारदान्याखाली त्याच्या लेकीची पाळीची फडकी ओलीच पडून असायची.

लेकीचं नाव महामाया. घरी माया म्हणत. आठवीत होती. पावसाळ्यात तिची पाळी सुरू झाली तेव्हा आजीने, गिरजाबाईने, तिला सगळे नियम शिकवले. फडकं माणसांच्या नजरेस पडू द्यायचं नाही. उन्हात घालायचं नाही. त्याच्यावरून साप गेला तर साप आंधळा होतो आणि त्याचा तळतळाट घराला लागतो. सापाच्या डोळ्यांची एवढी काळजी त्या घरात होती. पोरीच्या कातडीची कोणाला नव्हती. थंडी पडली तशी फडकी वाळेनाशी झाली, त्यांच्यावर काळे ठिपके धरले. मायाच्या जांघा सोलवटून निघाल्या, लघवीला जळजळ सुरू झाली. पाळी संपली तरी आग संपेना. मूलच्या शाळेपर्यंत चालणं म्हणजे जखमेवर जखम. ती घरीच राहू लागली.

गिरजाबाईने त्यावरही उपाय शोधला. "नाई चालवत त शाळा राहू दे. वयात आलेल्या पोरीले आता शाळा कायले?"

सत्यशीला त्याच दिवशी पोरीला घेऊन दवाखान्यात गेली. नर्सबाईने मायाला तपासलं, मलम दिलं आणि विचारलं, "फडकी कुठे वाळवता?"

सत्यशीलाने खाली बघत सांगितलं.

"मग हे मलम जन्मभर लावलं तरी उपयोग नाही. साबणानं धुवा, कडक उन्हात वाळवा. दमट कपड्यात बुरशी वाढते."

सत्यशीलाला हसूच आलं. एवढं ज्ञान घ्यायला मूलपर्यंत पायपीट कशाला करायला हवी होती? ते तर तिच्या घरी रोज दोन वेळा जेवत होतं.

त्या रात्री तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. हरिदासने ताटातला भात कालवता कालवता कपाळाला आठ्या घातल्या. "बायकाच्या गोष्टी मले काऊन सांगून राह्यली?"

"बुरशीची गोष्ट हाय. बुरशी त तुमचीच ना?"

"लोक काय म्हणतीन?"

दरवर्षी जयंतीला विहारासमोर उभा राहून "अंधश्रद्धा गाडा!" म्हणत टेबलावर मूठ आपटणारा हाच तो वक्ता. मूठ इतकी जोरात की पाण्याचा गिलास उडायचा. घरी परतला की तीच मूठ भातात शांत व्हायची.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं तापलं. पुढच्या अंगणात ताडपत्रीवर घरचं धान वाळत घातलेलं होतं. सत्यशीलाने त्याच्यावरून, ओसरीच्या खांबापासून मुनग्याच्या झाडापर्यंत दोरी ओढली आणि धुतलेली फडकी एकेक करून टांगली.

मायाने तिचा पदर ओढला. "माय, नको ना वं! सारे पाहतीन."

"पाहू दे. कोणी इचारलं त माहे हायेत म्हणून सांगीन. मले आता काय्ची लाज? तू आत बैस."

गिरजाबाई बाहेर आली आणि तिने कपाळावर हात मारला. शेजारचे खुशालभाऊ विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष होते. ते फाटकाशी थांबले आणि भिंतीकडे तोंड करून भिंतीलाच सांगू लागले, "सत्यशीलाबाई, हे बरं दिसत नाई. आपली वस्ती शिकलेली हाय."

"तुमी भिंतीसंगं बोलून राह्यले का माह्यासंगं, खुशालभाऊ?"

"काढा म्हणतो ते."

"म्या टांगले. ज्याले खुपते त्यानं काढावं."

खुशालभाऊंचा हात अर्धवट वर आला आणि मुकाट्याने पाठीमागे गेला. गिरजाबाई म्हणाली, आपली आत्ताच आंघोळ झाली. मग सत्यशीलाच्या ध्यानात गंमत आली. फडकी विटाळाची म्हणून ती कोणाला दिसायला नको होती, आणि विटाळाची म्हणूनच त्यांना कोणी हात लावणार नव्हतं. राखणीची गरजच नव्हती. दोरी सुखाने ऊन खात राहिली.

दुपारी हरिदास जेवायला आला. बातमी त्याच्या आधी मिलवर पोचली होती. "काढ ते!"

"काढा ना. तुमचा हात पुरते."

तो धानाच्या कडेपर्यंत आला आणि थांबला.

"मायाचे बाबा," सत्यशीला हळूच म्हणाली, "तुमच्या आज्याच्या हातचं पाणी लोकं घेत नोहते. दरसाल माइकवर सांगता तुमी. आता पोरीच्या धुतलेल्या फडक्याले तुमचाच हात धजत नाई. ते लोकं निदान भाषण त नोहते देत."

फाटकाशी पुन्हा येऊन थांबलेल्या खुशालभाऊंना एकदम कुठलंसं काम आठवलं.

दारातून माया म्हणाली, "बाबा, मले शाळेत जायचं हाय."

मग, आपल्या धानावर कोणाला कधी पाय देऊ न देणारा हरिदास धान तुडवत गेला आणि मेलेल्या उंदराचं शेपूट धरावं तसं दोन बोटांत फडक्याचं टोक धरलं. पण बोटांना दुसरी सवय होती. ती काठाच्या दुमडीवर फिरली, थांबली, दाबून पाहू लागली. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"दुमडीत ओल हाय अजून," तो मिलमधल्या आवाजात म्हणाला. "इतक्यात काढू नोको." आणि त्याने स्वतःच फडकं उलटून टाकलं.

"आन् साप?" गिरजाबाई ओरडली.

"दोरीवर कायले चढते साप, माय?"

होळीपर्यंत मायाच्या जांघांवर नवी कातडी आली आणि ती पाळीतही शाळेत जाऊ लागली. जयंतीला हरिदासने नेहमीसारखीच मूठ आपटली, गिलास उडवला. फडक्यांचं नाव त्याने काढलं नाही. तेवढी छाती एका साली होत नसते, हे सत्यशीलाला ठाऊक होतं. मात्र त्या दिवशी वक्ता सभेला उशिरा पोचला होता. आभाळ भरून आलं होतं, आणि दोरी रिकामी केल्याशिवाय त्याचा पाय घराबाहेर निघाला नव्हता.