विहिरीचं पाणी घेऊन कचेरीत गेलेली बरणी

मित्रांनो, मी काचेची एक जुनी बरणी आहे. भट्टीत तापून घडले आणि एरंडोलच्या बाजारातून सुंदरबाईंच्या घरी आले. गिरणाकाठच्या त्यांच्या खेड्यात मी वीस वर्षं लिंबाचं लोणचं सांभाळलं. पाहुणे माझं कौतुक करत.

पुढे गावाजवळ कापड रंगवण्याचा कारखाना आला. दोन वर्षांत विहिरीचं पाणी लालसर झालं. सुंदरबाईंची नात ऋतिका, तिच्या हातांवर चट्टे उठले. मग सुंदरबाईंनी लोणचं काढून मला राखेने घासलं आणि विहिरीचं पाणी भरून तालुक्याच्या कचेरीत नेलं.

"साहेब, हाई आमनी विहीरनं पानी शे. बठ्ठं गाव हाईच पेस," असं म्हणत, सगळं गाव हेच पाणी पितं हे सांगत त्यांनी मला टेबलावर ठेवलं.

साहेब म्हणाले, "बाई, घरच्या बरणीतलं पाणी तपासणीला चालत नाही. आमचा माणूस येईल."

माणूस आला नाही. सुंदरबाई दर सोमवारी मला घेऊन जात राहिल्या. एकदा शिपायाने मला ओट्यावर आदळलं आणि माझ्या गळ्याचा टवका उडाला. मला वाटलं, आता मी उकिरड्यावर जाणार. त्यांनी मला पदराने पुसलं आणि पुढच्या सोमवारी पुन्हा भरलं.

शेजारच्या ताजबींचे पती नईम त्याच कारखान्यात कामाला होते. एके दिवशी ते सुंदरबाईंच्या दारात आले. "अक्का, रंगाचं पाणी विहिरीजवळच्या ओढ्यात सोडायला जमिनीखालून नळ टाकलाय. मी जागा दाखवतो."

"तुमचं काम जाईल, भाऊ."

"माझी मुलंही तेच पाणी पितात," नईम म्हणाले.

त्यांनी जागा दाखवली आणि त्यांचं काम खरंच गेलं. मग गावातल्या बायका जिल्ह्याच्या कचेरीसमोर बसल्या. प्रत्येकीपुढे पाण्याचं एक भांडं होतं, मधोमध मी. कारखाना बंद करा, असं कुणी म्हटलं नाही. पाणी स्वच्छ करून सोडा आणि तपासणी आमच्यासमोर करा, एवढंच मागणं होतं. अकराव्या दिवशी मोठ्या साहेबांनी स्वतः येऊन नळाची जागा पाहिली.

त्यानंतर जिल्ह्यात नियम झाला. दर तीन महिन्यांनी कारखान्याजवळच्या विहिरींचं पाणी गावकऱ्यांसमोर तपासायचं आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचा. पाणी स्वच्छ करणारं यंत्र नसेल, तर कारखान्याचा परवाना थांबवायचा. यंत्र बसलं. विहीर निवळायला दोन पावसाळे लागले. नईमना ते काम परत मिळालं नाही. ते आता भडगावला गाडी चालवतात. त्यांचे उपकार मी विसरत नाही.

आज गावाने मला ग्रामपंचायतीच्या कपाटात जपून ठेवलं आहे. माझ्यासारख्या फुटक्या वस्तूला एवढा मान मिळाला, याचं समाधान वाटतं. गेल्या खेपेला मात्र अहवाल लागलाच नाही. बारा वर्षांच्या ऋतिकाने ग्रामसेवकांना विचारलं, "भाऊ, आमच्या विहिरीचा कागद कुठे आहे?" दुसऱ्या दिवशी तो लागला.

मित्रांनो, तुमच्या गावातही असा फळा असेल. तो वाचत जा. कागद दिसला नाही, तर विचारा.