आमच्यात जाळत नाहीत

शिवपुत्र चादरींच्या गठ्ठ्यावर गुडघा दाबून सुतळी आवळत होता, तेव्हा फोन वाजला. सुतळीचं टोक दातात धरूनच त्यानं तो उचलला. पलीकडच्या माणसानं हिंदीत आधी त्याचं नाव विचारलं. मग म्हणाला, शिवलीला मॅडम वरच्या कॅम्पजवळ बर्फावर घसरल्या. दोर सुटला. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्या दुकानात गठ्ठा सैल होऊन पसरला, तरी शिवपुत्रचा गुडघा तिथंच होता.

त्याची बायको शिवलीला मुलींच्या शाळेत खेळ शिकवायची. पुण्याच्या एका कंपनीबरोबर ती मनालीच्या पलीकडे गेली होती. आधी ट्रेक, शेवटी शिखर. निघताना तो तिला म्हणाला होता, "सोलापुरात उड्डाणपुलापेक्षा उंच काय चढलीयास गं?" ती म्हणाली होती, "म्हणूनच जातीय की."

तिचा देह आणायला तो त्याच दिवशी भाच्याला घेऊन रेल्वेत बसला. इकडे गावाकडच्या शेतात, त्याची आई ईरम्मा हिच्या समाधीशेजारी, भावकीनं खड्डा खणायला घेतला. लिंगायताचा देह मातीत बसवतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून. गाडी दिल्लीत शिरत असताना कंपनीचा फोन आला. रस्ता दरडीनं बंद आहे, तुम्ही येऊ नका, अंत्यविधी उरकले.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा अमृत घरी आला. मांडीवर लाल फडक्यात बांधलेला कलश घेऊन तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"काका, आम्ही काहीच कमी पडू दिलं नाही. चंदन घातलं. गुरुजी बोलावले."

"आमच्यात जाळत न्हाईत."

"आम्हाला कल्पना नव्हती, काका."

"विचारायचं की मग! बुटाचं माप दोनदा विचारलं तुमी तिला. कांदा-लसूण चालतं का, ते विचारलं. हे न्हाई विचारावं वाटलं?"

अमृतनं मान खाली घातली. मग म्हणाला, "बाकीच्या टीमनं शिखर मॅडमच्या नावानं केलं. वर त्यांचं नाव घेतलं सगळ्यांनी."

"कवा?"

"दुसऱ्या दिवशी."

"म्हंजे ती खाली पडली असताना तुमी वर गेला? नाव घ्यायला?"

शिवपुत्रची बहीण अक्कम्मा चहा घेऊन आली होती. ती कप तसेच घेऊन परत फिरली.

"आन् जाळायचं कुणी ठरवलं?" शिवपुत्र उठून उभा राहिला. "मी रेल्वेत हुतो. माझा फोन चालू हुता. कुणाला विचारून लावली काडी? नाव सांग मला त्याचं. पुण्यात येऊन त्याच्या दारात बसतो. माणूस हाय का सरपण?"

अमृतनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"चूक कंपनीची आहे, काका," तो म्हणाला.

दारात उत्कर्षा उभी होती; आईची बातमी ऐकून ती पुण्याहून आली होती. तिनं हात ओढणीला पुसले, पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

"त्याला नका बोलू, अप्पा. मला विचारलं होतं त्यांनी. मी हो म्हणाले."

शिवपुत्रनं लेकीकडे पाहिलं. "तुला म्हाईत न्हाई आपल्यात काय करतात?"

"माहीत आहे की."

"मग?"

"व्हिडिओ कॉलवर दाखवलं त्यांनी. आई आहे का, ओळखा म्हणाले." तिनं ओढणी सोडली. "मी बांगड्यांवरून ओळखलं. मातीत बसवायचं म्हणजे तोंड उघडं ठेवतात, अप्पा. सगळं गाव येतं बघायला. तुम्ही आला असता."

"मला बघायचं हुतं."

"म्हणूनच."

अमृतनं कलश हळूच जमिनीवर ठेवला, दोघांना नमस्कार केला आणि चपला हातात घेऊनच जिना उतरला. शिवपुत्रला त्याच्या मागं जाऊन अजून ओरडायचं होतं. कुणावर, ते कळेना. तो खाली बसला.

अक्कम्मानं पुन्हा चहा आणला. कलशाला वळसा घालून तिनं कप ठेवले.

"ह्येचं काय करायचं रे, तम्मा?" तिनं धाकट्या भावाला विचारलं.

"घे, चहा घे आदी," तो उत्कर्षाला म्हणाला.

उत्कर्षा अजून पुण्याला परत गेलेली नाही. बापलेक दोन्ही वेळा समोरासमोर बसून जेवतात. तिनं काय पाहिलं, ते त्यानं तिला अजून विचारलेलं नाही.