सत्तेचाळीस डुप्लिकेट

सगळी पंगत भरीत-पुरीवर ताव मारत असताना एकाच्या दाताखाली खडा यावा आणि त्यानं तो मोठ्यानं सांगावा, की वाढपी खड्याला सोडून त्यालाच शिव्या देतात. सॉफ्टवेअर कंपनीत या माणसाला टेस्टर म्हणतात. जळगावला दीपकभाऊ भंगाळेंच्या कंपनीत हे काम साक्षी बिऱ्हाडेकडे होतं. नऊजण प्रोग्राम लिहायचे आणि ती एकटी त्यातल्या चुका शोधायची. चूक सापडली की लिस्टमध्ये लिहायची, ज्याची चूक त्यानं ती दुरुस्त करायची, आणि साक्षीनं पुन्हा तपासून 'पास' लिहिल्याशिवाय काहीही कंपनीबाहेर जायचं नाही. असा नियम होता. नियम पाळायची वेळ आली की मात्र सगळ्यांच्या पोटात दुखायचं.

या वेळी दुखणं धुळ्याचं होतं. तिथल्या एका धर्मादाय हृदयरोग दवाखान्याचं जुनं रजिस्टर कॉम्प्युटरवर न्यायचं होतं. साडेपाच हजार पेशंट, त्यांच्या तपासण्या, त्यांच्या गोळ्या. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा म्होरक्या जितेंद्र. हुशार, यात वाद नाही. पण आपली हुशारी दुसऱ्याला सतत दिसत राहावी, हा त्याचा आजार. त्यानं पेशंट ओळखायची सोपी युक्ती काढली होती: पूर्ण नाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच. एकाच माणसाची दोनदा नोंद झाली असेल तर सिस्टिम आपोआप एक करून टाकणार.

गुरुवारी साक्षीनं ते पाहिलं आणि तिचा चहा तसाच राहिला.

ती भडगावची. तिचे वडील उखर्डू बिऱ्हाडे यांची जन्मतारीख एक जून. काकांचीही एक जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्या वर्गाला तीच तारीख दिली होती. आणि ज्या बायकांनी शाळाच पाहिली नाही, त्यांना आधार कार्ड काढणाऱ्यानं एक जानेवारी दिली. साल? समोरच्या बाईच्या सुरकुत्या बघून अंदाजानं. गावोगावी असे शेकडो लोक एकाच दिवशी जन्मलेले. त्यात नावं तीच, नवऱ्यांची नावं तीच, आडनाव पाटील. जितेंद्रची सिस्टिम अशा दोन बायकांना सरळ एक करणार होती.

तिनं लिस्टमध्ये लाल अक्षरांत नोंद केली. तासाभरात जितेंद्रनं ती बंद केली.

"जितूभाऊ, तुम्ही बंद कशी केली? दुरुस्त तर केली नाही."

"कारण ती चूक नाहीच," तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. "नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, तारीख, साल, सगळं सारखं? लाखात एक केस. तू आपली शीटप्रमाणे बटणं दाबून बघ ना."

साक्षीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बटणं दाबून बघ! जितेंद्रचा जन्म जळगावच्या खासगी हॉस्पिटलातला, पत्रिकेत वेळ मिनिटापर्यंत लिहिलेली. जगात सगळ्यांना आपली जन्मवेळ ठाऊक असते, अशी त्याची खातरी. ती थेट दीपकभाऊंच्या केबिनमध्ये शिरली. तो मागोमाग आलाच.

"भाऊ, तुमच्या आईची जन्मतारीख काय?"

"आता हे काय मधेच?" दीपकभाऊ गोंधळले. "आधारवर एक जानेवारी आहे."

"आणि वडिलांची?"

"एक जून." दीपकभाऊंना स्वतःलाच हसू आलं. दारात उभी असलेली पोरंही हसली. जितेंद्र तेवढा हसला नाही.

"मोबाईल नंबर आणि गावही ओळखीला धरा, म्हणजे घोळ मिटेल. दोन दिवसांचं काम आहे," साक्षी म्हणाली.

दीपकभाऊंचं हसू गेलं. "सोमवारी उद्घाटन आहे. पत्रिका वाटून झाल्या. पाहुणे येणार. पुढच्या व्हर्जनमध्ये बघू."

"पुढच्या व्हर्जनपर्यंत कुणाच्या पोटात कुणाच्या गोळ्या जातील त्याचं काय?"

"साक्षी," दीपकभाऊ अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तू टीमसोबत आहेस की टीमच्या विरुद्ध?"

याला उत्तर नसतं. हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं, मान खाली हवी असते. तिनं मान खाली घातली नाही, पण 'पास'ही लिहिलं नाही. शनिवार-रविवार भडगावला गेली आणि दोन दिवस धुणं असं आपटत राहिली की आईनं विचारलं, कपड्यांनी तुझं काय खाल्लंय? आपण लिहून ठेवलंय, आपलं काम झालं, असं ती मनाला बजावत होती. मन काही ऐकत नव्हतं.

सोमवारी दीपकभाऊंच्या गाडीतून सगळे धुळ्याला गेले. दवाखान्याच्या हॉलमध्ये मांडव, समोर पाहुणे, मागे बाकांवर नेहमीचे पेशंट. नारळ फुटला. जितेंद्र माईकवर आला. नवा शर्ट, गळ्यात कंपनीचं कार्ड.

"आणि एक अभिमानाची गोष्ट," तो म्हणाला. "जुन्या रजिस्टरमध्ये वर्षानुवर्षं लपलेल्या सत्तेचाळीस डुप्लिकेट नोंदी आमच्या सिस्टिमनं एका रात्रीत काढून टाकल्या!"

टाळ्या पडल्या. डॉ. युवराज देवरे, दवाखान्याचे प्रमुख, तेही टाळ्या वाजवत होते. साक्षी मनातल्या मनात हिशोब करू लागली. लाखात एक म्हणाला होता ना हा? साडेपाच हजारांत सत्तेचाळीस! त्यातल्या दहा-बारा खरंच दोनदा लिहिलेल्या असतील. बाकीची माणसं होती, जितीजागती माणसं, आणि हा गडी त्यांना पुसून टाकल्याबद्दल टाळ्या घेत होता. तिला वाटलं, उठावं आणि तो माईक त्याच्या हातातून ओढून घ्यावा. ती उठली, पण काउंटरकडे धावली. तिथे नोंदणी सुरू झाली होती.

काउंटरवरची मुलगी एका म्हातारीच्या हातात छापील चिठ्ठी आणि गोळ्यांची पाकिटं देत होती. म्हातारी गोळ्या तळहातावर घेऊन बघत होती.

"मन्या गोळ्या पांढऱ्या शेतस," ती म्हणत होती. "ह्या गुलाबी कोन्या?"

"आजी, कॉम्प्युटरमध्ये याच आहेत. बेबाबाई सुकदेव पाटील, एक जानेवारी पंचावन्न. तुम्हीच ना?"

"हाव, मीच शे. पन गोळ्या मन्या नहीत."

साक्षीनं चिठ्ठी ओढून घेतली. तेवढ्यात मागून मुख्य नर्स प्रमिलाबाई आल्या. पंचवीस वर्षं हे रजिस्टर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. महिनाभर साक्षी त्यांना रोज फोन करून एकेक शंका विचारत आली होती. प्रमिलाबाईंनी चिठ्ठीवर एक नजर टाकली आणि म्हातारीच्या हातातल्या गोळ्या काढूनच घेतल्या.

"रक्त पातळ करायच्या गोळ्या या! ही साक्रीकडची बेबाबाई. हिला पोटाचा अल्सर आहे, गेल्या वर्षी रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या हिला. या गोळ्या शिरपूरच्या बेबाबाईच्या. कोणी केलं हे?"

हॉलमधल्या टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. डॉ. देवरे आले. त्यांनी चिठ्ठी वाचली, आणि त्यांचा चेहरा पाहून दीपकभाऊंनी खिशातला कागद घाईघाईनं पुढे केला.

"डॉक्टरसाहेब, टेस्टिंग पूर्ण झालेलं आहे. हे बघा."

"टेस्टिंगमध्येच सुटलेलं दिसतंय," जितेंद्र म्हणाला. माईकवर होता तोच आवाज, तसूभरही न हललेला. "आम्ही लिहितो सर, तपासायचं काम टेस्टरचं असतं."

साक्षीनं कागद पाहिला. शेवटच्या ओळीत छापलं होतं: तपासणी, साक्षी उखर्डू बिऱ्हाडे. निकाल, पास.

चोराच्या उलट्या बोंबा तिनं आजवर नुसत्या ऐकल्या होत्या. आज बापाच्या नावासकट छापून हातात आल्या.

"हे मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली. मग आवाज चढला, आणि तिनं तो चढू दिला. "गुरुवारी मी ही चूक नोंदवली. तासाभरात जितूभाऊंनी बंद केली. बंद करताना खाली काय लिहिलं, ते सगळ्यांना ऐकवते." तिनं मोबाईल उघडला. "'ही सिस्टिमची चूक नाही. खेड्यातल्या अडाणी लोकांनी आपली जन्मतारीख नीट सांगावी.'"

मग बेबाबाई जितेंद्रकडे वळली.

"मी कसानी सांगू, भाऊ?" ती म्हणाली. "मी जनमनू तवय कोनीच लिखी ठेवं नही. तुम्हनाच मानूसनी लिखी दिन्ही ती तारीख."

जितेंद्रनं गळ्यातलं कार्ड चाचपलं आणि तो दीपकभाऊंकडे बघू लागला. दीपकभाऊ जमिनीकडे बघत होते. डॉक्टर एवढंच म्हणाले, "सिस्टिम बंद करा. आत्ताच्या आत्ता. आणि सकाळपासून गोळ्या दिलेल्या प्रत्येकाला फोन लावा." पाहुणे चपला शोधू लागले.

साक्षीला वाटलं, आपण जिंकलो. चार दिवस गिळलेलं सगळं एकदाचं बाहेर पडलं होतं. ती प्रमिलाबाईंकडे वळली. त्या आता शाबासकी देतील, निदान पाठीवर हात तरी ठेवतील, असं तिला वाटलं.

प्रमिलाबाईंचा चेहरा लाल झाला होता. "तुले गुरुवारपासून माहीत व्हतं?"

"हो. म्हणून तर मी लिस्टमध्ये..."

"तुन्हाकडे मना नंबर शे ना? दिवसमा चार-चार फोन करत व्हती ना माले?"

"पण प्रमिलाताई, कंपनीचा नियम आहे. मी लिस्टमध्ये लिहिलं होतं, अगदी लाल..."

"ती लिस्ट माले दिसस का?" प्रमिलाबाईंनी हातातल्या गुलाबी गोळ्या तिच्यासमोर धरल्या. "हाई बेबाबाईले दिसस का?"

जितेंद्रवरचा राग साक्षीजवळ अजून पुरेपूर होता, दीपकभाऊंवरचाही होता, पण त्यातला एकही या प्रश्नाला कामी येईना. बाहेर दीपकभाऊंच्या गाडीचा हॉर्न वाजला, एकदा, मग पुन्हा. ती जागची हलली नाही. प्रमिलाबाईंनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, टेबलावर आपटलं आणि तिच्याकडे न बघताच फोन ओढला. साक्षीनं समोरची खुर्ची घेतली, सकाळी गोळ्या घेऊन गेलेल्यांची नावं रजिस्टरात शोधली आणि पहिला नंबर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.