कॉन्सल ‘जा’ म्हणतो

“काका, हा परत तिथेच अडला,” नाटक बसवणारा शैलेंद्र मंचावरून ओरडला. “प्रॉम्प्ट द्या की!”

गुरुनाथांनी दिला होता, पण तो त्यांच्या स्वतःच्या कानापुरताच. विंगेतल्या खुर्चीवर ते जरा पुढे सरकले. “जा,” ते या वेळी मोठ्याने म्हणाले.

“मला नाही जमत ते,” सुश्रुत म्हणाला. रोमन पोशाख म्हणून गुंडाळलेली, घसरणारी चादर त्याने डाव्या हाताने खांद्यावर धरून ठेवली होती. “बाबा, एवढं मोठं भाषण आणि शेवटी नुसतं ‘जा’? मांजराला हाकलल्यासारखं वाटतं.”

“त्यात चादरीवर ट्यूलिप,” शैलेंद्र म्हणाला. “रोमचा कॉन्सल आहेस का फुलवाला?”

सगळे हसले. गुरुनाथही हसले, पण जरा उशिराने.

नेदरलँड्समधल्या फोरबर्गच्या त्या सार्वजनिक हॉलमध्ये मराठी मंडळाच्या दिवाळीची तालीम चालली होती. नाटक इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातले. रोमविरुद्ध कट करणाऱ्या स्वतःच्या मुलाला कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च सत्ताधारी, देहदंड सुनावतो, त्याची शोकांतिका. गुरुनाथ सांगलीला इंग्रजी शिकवत असताना त्यांनी कॉलेजच्या गॅदरिंगसाठी तिचे भाषांतर केले होते. प्रयोग एकच झाला. भाषांतर बरे होते की नाही, हे त्यांना अजून ठरवता आले नव्हते. ते इकडे यायचे ठरल्यावर सुश्रुतनेच मंडळात सुचवले, “बाबांच्या नाटकाचा शेवटचा अंक करू.” त्या दिवसापासून गुरुनाथांना धड झोप नव्हती.

‘जा’वरून आधीही एकदा वाद झाला होता. सांगलीच्या तालमींना त्यांची बायको नीलांबरी पोह्यांचा डबा घेऊन यायची आणि विंगेत त्यांच्या शेजारी बसायची.

“असं कसं हो म्हणतो तो?” तिने विचारले होते. “घरातून निघालेल्याला कुणी ‘जा’ म्हणतं का? ‘ये’ म्हणावं.”

“अगं, तो मरायला निघालाय. परत कुठून येणार?”

“म्हणूनच तर म्हणावं.”

“तो रोमन आहे. सांगलीच्या गावभागात नाही राहत.”

ती पदर तोंडाला लावून हसली आणि वाद तिथेच संपला. तीन वर्षांपूर्वी ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरून ती त्यांना म्हणाली, “येते हं.” ती आली नाही. तेव्हापासून कुणाला निरोप देताना गुरुनाथ काही बोलत नसत. नुसता हात वर करत.

तालमीहून परतताना सुश्रुतची नऊ वर्षांची मुलगी भार्गवी त्यांचे बोट धरून कालव्याच्या कडेने चालत होती. तिला मराठी सगळे कळे, पण बोलताना तिची गाडी दुसऱ्याच रुळावर जाई. आजीचे म्हणणे त्यांनी तिला सांगितले.

“बट आजोबा, ही इज गोइंग! मग ‘ये’ का?”

“आपल्यात तसंच म्हणतात. जाणाऱ्याला.”

तिने विचार केला. “आम्ही स्कूलमध्ये ‘डाख’ म्हणतो. आलं तरी डाख, गेलं तरी डाख.”

“ही बरी सोय आहे,” गुरुनाथ म्हणाले.

मागून सायकल हातात धरून येणारा सुश्रुत म्हणाला, “पुढच्या उन्हाळ्यात लवकर या, बाबा. मे महिन्यातच.”

“बघू.”

पुण्याच्या डॉक्टरांनी या प्रवासालाच नाखुशीने परवानगी दिली होती. पुढचा होणार नव्हता. हे दोघांनाही ठाऊक होते. प्रयोगानंतरच्या शनिवारी गुरुनाथांचे विमान होते.

प्रयोग दुपारी झाला. हॉलला पडदा नव्हता. मोठ्या खिडक्यांतून ऑक्टोबरचा फिकट उजेड थेट मंचावर पडत होता आणि तिन्ही बाजूंनी खुर्च्या होत्या. मुले तर मंचाला टेकून चकल्या खात बसली होती. गुरुनाथ बघतच राहिले. एलिझाबेथच्या काळातले उघडे नाट्यगृह, दिवसाचा उजेड, मंचाला भिडलेली माणसे, अशी आकृती त्यांनी वर्षानुवर्षे फळ्यावर काढली होती. त्या खडूच्या रेषांमध्ये आपण कधी बसू, असे त्यांना वाटले नव्हते.

सुश्रुतचे भाषण छान झाले. मुलाचे काम करणारा गंधार ओढणीने बांधलेले हात पुढे धरून जायला वळला आणि सुश्रुत थांबला. तो गंधारकडे बघत नव्हता. विंगेकडे बघत होता.

हा विसरलेला नाही, हे गुरुनाथांना कळले. त्यांचे बोट संहितेतल्या ‘जा’वर होते.

“ये,” ते म्हणाले.

सुश्रुत गंधारकडे वळून म्हणाला, “ये.” इतक्या हळू, की मागच्या रांगांपर्यंत पोचलेच नाही. पुढच्या रांगांत मात्र चकल्यांचा आवाज थांबला.

“काका, वाक्य बदलायचं होतं तर आधी सांगायचंत की!” शैलेंद्र नंतर म्हणाला. “पण झालं भारी.”

“चुकलंच माझं,” गुरुनाथ म्हणाले. त्यांना खरेच तसे वाटत होते. मूळ नाटकात ‘ये’ नव्हते.

शनिवारी स्खिपोल विमानतळावर पासपोर्ट तपासणीच्या रांगेपाशी सुश्रुत पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. “औषधं हातातल्या बॅगेत आहेत. व्हीलचेअर नको म्हणू नका. पोचलात की फोन करा.” त्याने वडिलांचा मफलर उगाच नीट केला. गुरुनाथांचा हात सवयीने वर गेला.

“आजोबा, ये,” भार्गवी म्हणाली.

“अगं, मोठ्या माणसांना ‘या’ म्हणतात,” सुश्रुत म्हणाला.

“तू नाटकात ‘ये’ म्हणालास.”

सुश्रुतने वडिलांकडे पाहिले.

“बरोबर आहे तिचं,” गुरुनाथ म्हणाले. त्यांनी हात खाली घेतला आणि मुलाकडे बघितले. “येतो रे.”

तपासणी ओलांडल्यावर त्यांनी काचेतून मागे वळून पाहिले. भार्गवी दोन्ही हात हलवत होती. सुश्रुत हलत नव्हता. त्याचा डावा हात खांद्यावर होता, घसरणारी चादर धरून ठेवल्यासारखा.