ढोलीतली पेटी

मी पेटी बोलतेय. कपड्यांची नव्हे, दागिन्यांचीही नव्हे. सुरांची पेटी, जिला शिकलेली माणसं हार्मोनियम म्हणतात. बसा जरा! माझ्या भात्यात हवा भरली आहे आणि सांगायला गोष्टही आहे, तेव्हा मला मध्येच थांबवू नका.

माझा जन्म नागपूरचा. सागवानी अंग, पितळेचे सूर, मऊ कातड्याने सांधलेला भाता. दुकानात मी नवरीसारखी नटून बसले होते. वाटायचं, एखादा मोठा गवई येईल आणि मला घेऊन जाईल. आले कोण? धोतराला चिखल लागलेले केशोराव गुरुजी, आणि त्यांच्यासोबत पागोटंवाले सरपंच शालीकराम! गोंदियाजवळच्या कामठ्याच्या पलीकडच्या त्यांच्या गावानं शाळेत पेटी हवी म्हणून घरोघरचं धान गोळा करून विकलं होतं. मी आपलं नाक मुरडलं.

पण गोंदियाला रेल्वेतून उतरून बैलबंडीनं गावाजवळ पोचले, तर काय सांगू! सारं गाव वेशीवर लोटलेलं. बायांनी मला कुंकू लावलं, पोरं बंडीमागं धावली. माझ्या मुरडलेल्या नाकाचा शेंडा कधी सरळ झाला, मलाच कळलं नाही.

साऱ्या गावाची म्हटल्यावर जो तो मला मागायचा. भजनाला पेटी, बारशाला पेटी, आणि दंडारीला तर हवीच. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं नाचगाण्याचं नाटक. भैयालाल त्या मंडळीचा म्होरक्या. माणूस दिलदार, ढोलकी वाजवावी तर त्यानंच. पण एकदा त्यांनी मला परत आणलं तेव्हा माझी एक पट्टी मोडली होती आणि भात्यात गुलाल भरला होता. महिनाभर मी गुलाबी शिंकत होते.

सरपंच भडकले. भैयालाल काही ऐकून घेणारा नव्हता.

"शाळेचे पोट्टे का सांभाळतीन जी पेटी? आमाले देऊन टाका. वाजंन तरी!"

"शाळेची हाय, शाळेतच राहीन!" सरपंच गरजले.

भांडण पंचांपुढं गेलं. निकाल असा लागला, की दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, साऱ्या गावासमोर, शाळेच्या मुलांनी मला वाजवून गाणं म्हणायचं. जमलं तर मी शाळेची. नाही जमलं तर भैयालालची, कायमची.

मुलांमध्ये माझ्यावर हात बसला होता तो चौथीतल्या दुर्पताचा. निकाल ऐकून ती माझ्या अंगावर तळवा ठेवून नुसती उभी राहिली. दंडारीत तेव्हा पुरुषच असत. मी तिकडं गेले, तर तिला पुन्हा पेटी कोण हाती देणार? मला तिची बोटं आवडायची हो! हलकी, पण नेमकी.

तेवढ्यात पावसाळा लागला आणि शाळेची कौलं गळू लागली. गुरुजींना काही सुचेना. सरपंच म्हणाले, "गुरुजी, पेटी माह्या जिम्म्यावर. एक थेंब लागू देनार नाही."

आता इथली रीत अशी, की घरातली जपायची वस्तू धानात ठेवायची. बांबूची, शेणमातीनं लिंपलेली भलीमोठी ढोली, तिच्यात धान. आत ओल येत नाही आणि चोराचा हातही पोचत नाही. सरपंचांनी मला कांबळ्यात गुंडाळलं आणि मोठ्या मायेनं ढोलीत उतरवून वरून धान ओतलं. अगं बाई! पेटीला जन्मभर हवा लागते, आणि या भल्या माणसानं मला धानात बुजवलं!

गुरुजी सरावासाठी मागायला आले, की सरपंच हात जोडत. "मंडईच्या दिवशीच काढू जी. तोवर जिवाले धोका नोको." मुलं तोंडानंच सूर धरत. दुर्पतानं तर कोळशानं फळकुटावर माझ्या पट्ट्या काढल्या आणि त्यावर बोटं चालवू लागली. हे मला नंतर कळलं. आत मला ऐकू यायची ती फक्त खुडबुड. उंदीर! धान खाऊन कंटाळले, की ते माझ्याकडे वळायचे.

मंडईची सकाळ उजाडली. बाहेर पिपाण्या वाजत होत्या, गोडीशेवेचा घमघमाट सुटला होता. सरपंचांनी मला बाहेर काढलं, कांबळं सोडलं आणि मटकन खालीच बसले. भात्याला मुठीएवढं भोक पडलं होतं आणि माझ्या सुरांत कोंडा बसला होता.

"गुरुजी, म्या सत्यानाश केला," एवढंच ते बोलले. एवढा दणकट माणूस, पण डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

पण रडायला वेळ होता कुणाला! गुरुजींनी माझं झाकण काढून सूर उघडे केले. मुलांनी कोंबडीच्या पिसानं कोंडा झाडला. सरपंचांनी आपल्या नव्याकोऱ्या पागोट्याचा तुकडा टराटरा फाडून दिला, आणि दुर्पतानं भाताच्या पेजेची खळ लावून तो भोकावर चिकटवला. ठिगळाची बाजू उन्हाला धरली. आता वाळतंय की नाही! सारे त्याच्यावर फुंकर मारत बसले. माझा जीव नुसता वरखाली!

आमची पाळी आली. समोर माणसांचा समुद्र, पुढच्या रांगेत भैयालाल ढोलकी मांडीवर घेऊन बसलेला. दुर्पतानं भाता ओढला आणि मी वाजले! गुरुजींनी रचलेलं धानाच्या रोवणीचं गाणं मुलांनी असं उचललं, की बाया जागच्या जागी डोलू लागल्या. पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू झालं आणि ओलं ठिगळ एका कोपऱ्यातून सुटलं. फुस्स! माझा आवाज बसला. दंडारवाल्यांत हशा पिकला. दुर्पता जिवाच्या आकांतानं भाता मारत होती, तिच्या कपाळावर घाम आला होता.

तेवढ्यात शालीकराम सरपंच उठले. बोडक्या डोक्यानं मंचावर चढले, माझ्यामागं उकिडवे बसले आणि पंजानं ठिगळ दाबून धरलं. भाता हलेल तसा त्यांचा हात हलू लागला. माझा सूर परत आला!

"सरपंच, का करून रायले जी?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"उंदीर माह्या घरचे, तं भोक बी मलेच धराव लागंन! वाजव वो पोरी!"

सारी मंडई हसली, पण आता ते हसू वेगळं होतं. दुर्पताची बोटं पळू लागली. आणि कडव्याच्या शेवटी काय व्हावं? भैयालालच्या थापेचा ढोलकीवर धाडकन आवाज! राहवलंच नाही त्याला. पुढचं सारं गाणं त्यानं साथ केली.

संपल्यावर तो उठला. "पेटी शाळेतच राहू द्या जी," तो म्हणाला, "पन आता ढोलीत नोका टाकू!"

याला आता पाच वर्षं झाली. मी इथंच आहे, वर्गात, कोरड्या फळीवर. कुलूप नाही. पावसाळ्यात तर मला रोज वाजवतात, म्हणजे ओल धरत नाही आणि उंदरालाही घर सापडत नाही. दंडारीला जाते, पण गुरुजी सोबत असतात आणि भैयालाल स्वतः आणून पोचवतो. पट्ट्या थोड्या झिजल्यात माझ्या. झिजोत की!

बाबांनो, तुमच्याही शाळेत माझी एखादी बहीण असेल, कपाटात कोंडलेली, जपून जपून मुकी झालेली. तिला बाहेर काढा. पोरांना शिकवा कसं धरायचं, कसं पुसायचं, आणि मग द्या त्यांच्या हाती. चुकतील, मोडतील, जोडतील.

घ्या! घंटा झाली, आली पोरं धावत. सरका जरा, वारा येऊ द्या.