बंद राहण्याचं बक्षीस

मी एक जुना गीझर, मागच्या गॅलरीत आडवा पडून बोलतोय. भंगारवाला येईपर्यंत माणसांबद्दल चार शब्द सांगून घेतो. ते गोड असतील अशी आशा धरू नका.

कारखान्याने मला पोट मोठं दिलं आणि भूकही मोठी दिली. वीज भरपूर खायचो, पण एकदा तापलो की बराच वेळ कुणाला पाणी कमी पडू द्यायचो नाही.

या घरात दोघंच. भाचा कचेरीत कारकून, पण मावशी त्याला 'साहेब' म्हणते, आणि ते कौतुकाने नव्हे. मावशी गल्लीतल्या शिंप्याची काजं-बटणं करते. संध्याकाळी तिची बोटं आखडतात. गरम पाण्यात बुडवल्याशिवाय सुई धरता येत नाही. शेगडीवरून जड पातेलं उतरवणं त्या बोटांना जमत नाही, म्हणून माझ्याच नळाचा आधार. काम वेळेत झालं नाही, तर शिंपी ते दुसरीकडे देणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग वीज कंपनीची योजना आली. संध्याकाळी घरोघरी सगळं एकदम चालू होतं आणि तारांवर ताण येतो. म्हणून कंपनीने माझ्या वायरीला एक डबी जोडली. ताण आला की ती लांबूनच मला बंद करायची, ओसरला की चालू. बदल्यात बिलात सूट. माझं पाणी तेवढा वेळ गरमच राहायचं, त्यामुळे घरात कुणाला पत्ताही लागत नसे. नंतर मी राहिलेली वीज ओढून घ्यायचोच. ताट उशिरा वाढलं म्हणून कुणी कमी जेवतं का? पण साहेबाची छाती फुगली. जास्त बचत करणाऱ्यांसाठी कंपनीने इमारतीच्या जिन्याखाली लावलेल्या फलकावर 'आदर्श ग्राहक' म्हणून नाव लागलं ना!

ते टिकवायला त्याने शक्कल काढली. बंद होताना मी जितका जोरात चालू, तितकी बचत मोठी दिसते. म्हणून संध्याकाळ झाली की हा गरम पाण्याचा नळ मोरीत सोडून द्यायचा, म्हणजे मी पुन्हा तापायला लागेन. मग खाली जाऊन फलकापाशी गप्पा मारत उभा. बचत दाखवायला उधळपट्टी करायची, ही अक्कल यंत्राला सुचत नाही. त्याला शिकलेला माणूसच लागतो. मावशीला सगळं दिसत होतं, पण तिच्यापुरतं पाणी माझ्या पोटात उरायचं, म्हणून ती गप्प होती.

पुढे सरकारी नियम आला, की माझ्यासारखे खादाड गीझर यापुढे बनवायचे नाहीत. नियम बरोबर होता. माझी तक्रार नाही. मी गळायला लागलो तेव्हा माझ्या जागी नवा आला, थोड्या विजेवर चालणारा, पण सावकाश तापणारा. साहेबाने डबी त्याला जोडून घेतली आणि नळ सोडायची खोडही तशीच ठेवली.

मोरीत गेलेलं पाणी नव्याला भरून काढता येईना, त्यात डबी त्याला बंद करायची. मावशीच्या वाट्याला कोमट पाणी. शिंपी काजं न झालेले कपडे तसेच घेऊन गेला, आणि पुन्हा असं झालं तर दुसरी बाई बघतो म्हणाला. साहेबाने सल्ला दिला, बोटं दुपारी भिजवत जा. जणू ती वड्याची डाळ आहे!

एक दिवस कंपनीचा माणूस आला. सत्कारच असणार म्हणून साहेब इस्त्रीचा शर्ट घालून उभा. माणूस म्हणाला, या घरातली बचत अचानक घसरलीय. मावशीने नळाची सगळी हकिकत सांगितली. त्याने नवा गीझर पाहिला आणि मान हलवली.

"मावशी, हा मुळात इतकी कमी वीज घेतो, की बंद करून आम्हाला काही मिळत नाही. योजनेला जुनाच बरा होता."

"म्हणजे मी कमी वीज वापरतो म्हणून माझं नाव जाणार?" साहेबाने विचारलं.

"योजनेत राहायचं का, ते तुम्ही ठरवा. राहिलात तरी बचतीचा आकडा एवढाच."

त्यावर हा शहाणा गॅलरीत येऊन माझं गळकं पोट थोपटू लागला. दुरुस्त होईल का, म्हणे.

मावशी दारात आली. "साहेब, डबी काढून दे त्यांना. फलकावरच्या नावाने शर्टाला काज पडत नाही."

डबी गेली. त्या संध्याकाळी नळ कुणी मोरीत सोडला नाही. शिंप्याला जरा थांबावं लागलं, पण रिकाम्या हाताने जावं लागलं नाही.

वीज वाचवा, जरूर वाचवा. फक्त त्याआधी, घरात कुणाचे हात गरम पाण्याची वाट बघतायत, एवढं विचारा. भंगारवाल्याची हाक आली. त्याचं एक बरं आहे. तो मला वजनावर घेणार, पुण्याईवर नाही.